पंधरावा खडा

मुंबईच्या सहल कंपनीने पाठवलेल्या कागदावर बारक्याचं नाव 'स्थानिक जाणकार' म्हणून छापलं होतं. संगिताने बापाला ते वाचून दाखवलं तेव्हा तो ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

"म्हंजे कोण?" त्याने विचारलं.

"म्हंजे तू."

एवढ्यावर त्याचं समाधान झालं. सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाला आपण कोण याबद्दल कधी शंका पडली नव्हती, आणि ते कागदावर आल्याने त्यात काही भर पडते असंही त्याला वाटत नव्हतं.

शंका असायच्या त्या संगिताला, आणि त्या रविवारी तर सकाळपासून जास्तच. झरीजवळच्या त्यांच्या पाड्यामागे बारडाचा डोंगर. डोंगरावर जुनी लेणी. कधीकाळी पारशांनी आपला पवित्र अग्नी त्या लेण्यांत नेऊन जपला म्हणतात, त्यामुळे लांबलांबून माणसं ती बघायला येतात. येतात, चढतात, फोटो काढतात आणि जेवायला बोर्डीच्या किनाऱ्यावर निघून जातात. वाटेत एक पाडा लागतो, त्यात माणसं राहतात, हे त्यांच्या गावीही नसतं. संगिता दोन वर्षं एकच ध्यास घेऊन बसली होती. या माणसांनी पाड्यावर थांबावं, बारक्याबरोबर डोंगर चढावा, आपल्या अंगणात पळसाच्या पानावर जेवावं. तसं झालं तर पाड्यातल्या चार बायकांना दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. संगिताची मुलगी चौथीत होती. भट्टीवर गेलं की मुलीची शाळा सुटते, हे संगिताला कोणी सांगायला नको होतं. तिची स्वतःची तशीच सुटली होती.

तर कंपनीची मयुरा मॅडम आज पहिल्यांदा पाहुणे घेऊन येणार होती. स्वतःला धरून चौदा जण. आजचा दिवस नीट पार पडला तर होळीपर्यंत दर रविवारी, नाही तर कंपनीला दुसरे डोंगर काही कमी नव्हते. मयुरा बाई सरळ होती, तिने हे फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

संगिताने अंगण सारवलं, उडदाचं वरण शिजवलं, चिंचणीहून आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी वाटली. तिचा नवरा जिव्या घरजावई होता आणि पाड्यात त्याच्यासारख्या तांदळाच्या भाकऱ्या कोणाला थापता येत नव्हत्या, हे बायकासुद्धा कबूल करायच्या. त्यामुळे चुलीची काळजी नव्हती. काळजी होती ती बापाची. बारक्या सगळ्या जगाला 'तू' म्हणायचा. देवाला तू, तलाठ्याला तू, आमदाराला तू. आठवडाभर संगिताने त्याच्याकडून 'तुम्ही' घोकून घेतलं होतं.

"एकाच माणसाला तुम्ही कसाक म्हणायचा?" तो विचारायचा. "दुसरा कुठं हाय?"

आणि दुसरी काळजी होती खड्यांची.

बारक्याने चाळीस वर्षं पाड्याची गुरं त्या डोंगरावर चारली. त्याला विसाच्या पुढे मोजता येत नाही, आणि गुरं तर साठ-सत्तर असायची. पण त्याचं एक जनावर कधी हरवलं नाही. पाड्याच्या तोंडाशी ऐनाच्या झाडाखाली खड्यांचा ढीग आहे. सकाळी गुरं निघाली की जनावरागणिक एक खडा उचलून तो खांद्यावरच्या कापडी पिशवीत टाकायचा. संध्याकाळी एकेक गोठ्यात शिरलं की एकेक खडा पुन्हा ढिगात. पिशवी रिकामी झाली की घरी येऊन ती खुंटीला लावायची आणि मगच पाणी प्यायचं. खडा उरला तर पाणी नाही, जेवण नाही, आल्या पावली पुन्हा डोंगर. आता गुरं कमी झाली, गुडघे दुखायला लागले, पिशवी मात्र त्याने सोडली नव्हती.

मयुराला हे इतकं आवडलं की तिने ते कागदावर घातलं: 'गुराख्याच्या मोजणीचा अनुभव'. फक्त एक बदल सुचवला. पाहुण्यांनी आपापला खडा स्वतः टाकायचा. नुसतं बघत उभं राहण्यात काय मजा?

"गुरं काय आपला आपला खडा टाकतात?" बारक्या कुरकुरला होता. "टाकायचा तो मी. माझी नजर जनावरावर पडते तवा खडा पडतो."

"बा, एवढं ऐक," संगिता म्हणाली होती. "त्यांना हौस हाय."

पोरीच्या शब्दापुढे बापाचं काही चाललं नाही.

साडेआठला बस ऐनाखाली येऊन थांबली. सगळे उतरले, टोप्या चढल्या, चहा झाला. पीयूष नावाचा एक हौशी गृहस्थ गळ्यात मोठा कॅमेरा घालून सगळ्यांच्या पुढे पुढे करत होता. त्याची बायको दक्षा मात्र उतरली तीच पदराआड हात घेऊन, सावकाश. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून नवऱ्याने ही सहल न विचारता ठरवली, असं ती हसत संगिताला म्हणाली, पण हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

बारक्या ढिगाजवळ पिशवीचं तोंड उघडून उभा राहिला. "जेवढे जीव तेवढे खडे," तो म्हणाला. "एकानं एक टाका. घरच्यांचा खडा नसतो. पाहुण्यांचा असतो." आणि मग संगिताकडे बघून मोठ्याने, "तुम्ही!" असं एकदम सगळ्यांना मिळून म्हणाला. लोक खूष झाले. संगिताचा जीव भांड्यात पडला.

"आजोबा, खडा नंतर घरी नेता येईल? आठवण म्हणून?" पीयूषने विचारलं.

"नाय. घरी पोचल्याचा खडा ढिगातच पडला पाहिजे. नाय तर डोंगराला कसा समजंल, कोण पोचला ना कोण नाय?"

खडे पडत गेले. कोणी गुळगुळीत शोधला, कोणी पांढरा. दक्षा शेवटी राहिली. ती ढिगाशी वाकून एवढा वेळ निवडत बसली की पीयूषने हाक मारली. थोडं पलीकडे एकटाच आलेला एक माणूस पाठीला निळी पिशवी लावून ही गंमत बघत उभा होता. रविवारी असे सुटे चढणारेही असतात. संगिताने त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

अर्ध्या वाटेवर माळ लागतो. तिथे दक्षा मोहाच्या झाडाखाली बसली आणि गुडघा दुखतो म्हणाली. पीयूष थांबतो म्हणाला, तर तिने त्याला हट्टाने वर पाठवलं. "तुम्ही जा ने. एवढा कॅमेरा आणलाय." मग संगिता तिच्याजवळ राहिली आणि बाकीचे बारक्यामागून गेले.

संगिता बापाला लांबून चढताना क्वचितच बघायची. आज तिने बघितलं आणि तिला त्याचा मनापासून अभिमान वाटला. गुडघे दुखणारा माणूस, पण पाय कुठे ठेवायचा ते पायालाच ठाऊक. तो कोणाला भरभर चला म्हणत नव्हता, कोणासाठी थांबल्याचं दाखवतही नव्हता. कोणी धापा टाकायला लागलं की बरोबर तिथेच त्याला एखादं झाड दाखवायचं असायचं. हा कुडा, याची साल पोटाला. ही वाट रानडुकराची, आपली नाही. शहरातली माणसं झाडाकडे बघत दम खायची आणि आपण दमलो हे कोणाला कळलंही नाही अशा समजुतीत पुढे निघायची. चाळीस वर्षं गुरं राखून जे येतं ते हे, आणि त्याला छापायला कंपनीच्या कागदावर जागा नव्हती.

"तुमचे बाबा खरंच कधी चुकले नाहीत?" दक्षाने विचारलं.

"खड्यात नाही चुकले." मग संगिताने तिला कबरी गायीची गोष्ट सांगितली. संगिता आठ वर्षांची होती. श्रावणातली झड, संध्याकाळी गुरं आली आणि पिशवीत खडा उरला. सगळे म्हणाले, असल्या पावसात नको, बिबट्याचं रान आहे, सकाळी बघू. बाबाने कोणाचं ऐकलं नाही. सकाळी उजाडताना परत आला तो कबरीला पुढे घालून आणि खांद्यावर वासरू. गाय लेण्यात व्याली होती. सुकं बघून शिरली होती बिचारी.

"वासरू जगलं?"

"जगलं म्हणजे! पुढे दहा वर्षं नांगराला चालला तो."

दक्षाने समोर नजर टाकली. खाली असावलीच्या धरणाचं पाणी चमकत होतं, त्यापलीकडे चिकूच्या वाड्या, ताडांची रांग आणि मग समुद्र. "छान आहे हो तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. डोळ्यांत वारा गेला असेल, असं संगिताला वाटलं.

वरून माणसं उतरली ती शांत होऊन. लेण्यात तासलेल्या दगडाला हात लावून आलेली माणसं थोडा वेळ तरी कमी बोलतात, हे संगिताने लहानपणापासून पाहिलं होतं. मग अंगणात पंगत बसली आणि शांतता मोडली. चौदा पानं तिने स्वतः मांडली, चौदा उठली. बोंबलाची चटणी तीनदा फिरली. मयुराने जाता जाता संगिताचा हात दाबला आणि "मस्त झालं, ताई," म्हणाली. संगिताला वाटलं, जमलं. आता फक्त खडे परत करायचे आणि बसला हात दाखवायचा.

बसच्या दाराशी बारक्या उभा राहिला. एकेकाने पिशवीतून एक खडा घ्यायचा, ढिगात टाकायचा, आत बसायचं. पीयूषने आपल्या खड्याचा फोटो काढून मग टाकला. दक्षाने हात घातला, हात थोडा वेळ पिशवीतच राहिला, मग तिने एक खडा काढून ढिगात ठेवला आणि ती खाली मान घालून बसमध्ये चढली. सगळ्यात शेवटी मयुरा. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

बारक्याने पिशवी झटकली. आत खडखडलं.

"एक राहिला," तो म्हणाला.

मयुराने बसमधल्या सीटांवरून नजर फिरवली. "चौदा आहेत, आजोबा. सगळे आले."

"एक वर राहिला."

"बा, तूच आपला टाकला असशील," संगिता खालच्या आवाजात म्हणाली.

"मी काय पाहुणा हाय?"

मयुराने यादी काढली, एकेक नाव घेतलं, एकेक हात वर झाला. पीयूष खिडकीतून म्हणाला, "कोणीतरी गमतीने दोन टाकले असतील, आजोबा!" दोघंचौघं हसले. बारक्या हसला नाही. त्याने काठी उचलली आणि डोंगराकडे तोंड केलं.

संगिताला एकदम तो निळ्या पिशवीवाला आठवला. त्यानेही टाकला असेल खडा? एकटाच होता. वर कुठे घसरून पडला असला तर? का बापाचं वय झालं, आणि आज, नेमकं आजच, तो पहिल्यांदा चुकला?

"ताई, डहाणूहून पाच चाळीसची गाडी आहे," मयुरा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हसू गेलं होतं. "माझ्याबरोबर ज्येष्ठ माणसं आहेत. माझी माणसं सगळी मोजून इथे आहेत. मी यांना एका खड्यासाठी थांबवून ठेवू शकत नाही. आणि दर वेळी असं होणार असेल तर मला विचार करावा लागेल."

विचार करावा लागेल म्हणजे काय ते संगिताला समजलं. तिला मुलीचं दप्तर दिसलं, वीटभट्टीवरचं ताडपत्रीचं खोपट दिसलं. एक शब्द पुरला असता. बा, राहू दे, चुकला असशील. एवढं म्हटलं असतं तर तो थांबला असता. पोरीच्या शब्दाखातर त्याने गुरांचा नियम एकदा मोडलाच होता.

तिने बापाकडे पाहिलं. सकाळपासून एकदा डोंगर चढून उतरलेला म्हातारा, गुडघ्याला फडकं बांधलेलं, पाणीसुद्धा न पिता पुन्हा चढायला निघालेला. ज्याचं नावगाव माहीत नाही, जो आहे की नाही हेही माहीत नाही, अशा कोणासाठी तरी. असल्या माणसाला चुकला म्हणायचं, आणि तेही आपल्या सोयीसाठी, हे तिच्याने होईना.

"मॅडम, तुम्ही निघा," ती म्हणाली. "तुमची माणसं पोचली, तुमचं बरोबर आहे. पण बा म्हणतो एक राहिला, तर राहिला असेल. मी त्याच्याबरोबर वर जाते." तिने पदर खोचला. "रविवारचं मग तुम्ही बघा काय ते."

बारक्या तोवर वाटेला लागला होता. संगिता वीस पावलं गेली नसेल, तोच मागून हाक आली.

"बेन! ओ बेन, थांबा!"

दक्षा बसमधून उतरून धावत येत होती. धावत म्हणजे, पाच पावलं धावली आणि मग एकदम भान आल्यासारखी चालायला लागली. जवळ येऊन तिने संगिताचा हात धरला. चेहरा रडवेला झाला होता.

"त्यांना परत बोलवा. वर कोणी नाही. ए मारो छे, बेन. तो खडा माझा आहे."

"तुमचा तर तुम्ही घेतलात."

"मी दोन टाकले होते." तिने मागे बसकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आजोबा म्हणाले ने, जेवढे जीव तेवढे. मग मी दोन टाकले. तिसरा महिना आहे. कोणालाच नाही सांगितलं, यांना पण नाही. आधी दोनदा सांगितलं. दोनदा सगळ्या घराने पेढे वाटले, आणि दोनदा..." ती थांबली. "यावेळी म्हटलं, बोलायचंच नाही. टाकताना टाकला हो. पण घेताना सगळे बघत होते. दुसरा हातात आला आणि मी सोडून दिला. आता ते म्हातारे बाबा माझ्यामुळे डोंगर चढणार, आणि मी काय बसमध्ये बसून बघू?"

संगिताने तिला तिथेच मिठी मारली. मग तोंडाशी हात नेऊन डोंगराच्या दिशेने ओरडली, "बा! खाली ये! मिळाला!"

बारक्या उतरून आला. संगिताने त्याला आपल्या बोलीत, दोनच वाक्यांत सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने दक्षाकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं, सकाळी बघायला हवं होतं तसं.

"माझीच चूक," तो म्हणाला. "खडा मी टाकला असता तर माझी नजर पडली असती. गाभण गाय मी चालीवरून वळखतो. तिला मी सकाळीच दोन टाकायचो."

"पण बा, कबरीचा तर एकच खडा उरला होता ना?"

"तू लहान व्हतीस. दोन उरले व्हते त्या दिवशी. एकासाठी सकाळपर्यंत थांबलो पण असतो."

आता मयुरा येऊन उभी होती आणि तिच्यामागून पीयूष. "काय झालं, दक्षा? गुडघा?" दक्षाने संगिताचा हात सोडला. बारक्याने पिशवी तिच्या ओंजळीत उलटी केली. खडा पडला, छोटा, करड्या रंगाचा, चिंचोक्याएवढा. तिने तो नवऱ्यापुढे धरला.

"हा पण आपला आहे," ती म्हणाली.

पीयूष आधी खड्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तो वाटेतच मातीत खाली बसला. दिवसभर दिसेल त्याचा फोटो काढणाऱ्या त्या माणसाला कॅमेऱ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

मयुराने ड्रायव्हरला गाडी बंद करायची खूण केली. "पाच चाळीसची जाऊ दे," ती म्हणाली. "नंतरची आहे." थोड्या वेळाने नाक पुसून ती संगिताजवळ आली. "ताई, पुढच्या रविवारी अठरा जण आहेत. खडे मात्र आजोबाच टाकतील. कागदावरचं मी बदलते."

दक्षा खडा घेऊन ढिगाशी गेली आणि वाकली, तेवढ्यात बारक्याने काठी आडवी धरली.

"तिथं नको."

"पण तुम्हीच म्हणाला ने, पोचला की ढिगात टाकायचा."

"पोचला कुठं आजून?" बारक्या म्हणाला. "तू पोचलीस, तुझा टाकला. ह्याला वाट हाय आजून. हा तू ने. जपून ठेव. आला म्हंजे त्याला घेऊन ये, ना त्याच्या हातानं टाक." मग त्याला आठवण झाली आणि त्याने संगिताकडे चोरून बघत सुधारलं, "तुम्ही."

दक्षा रडता रडता हसली. "हां," ती म्हणाली. "आता दोघं आहोत."

बस गेली. धूळ बसली. जिव्याने पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला. संगिताने बापाच्या खांद्यावरून पिशवी उतरवायला हात पुढे केला. "आण, खुंटीला लावते. रिकामी झाली ना."

बारक्याने पिशवीवर हात ठेवला.

"आजून नाय," तो म्हणाला. "एक यायचा हाय." आणि तांब्याकडे बघितलं न बघितलं करून तो ओट्यावर बसला. त्या दिवशी त्याला पाणी प्यायला लावता लावता संगिताच्या नाकी नऊ आले.